लाकडी बैल विकणे आहे

मयुरी : नाही, मला परत सांगा. हळू सांगा. समोरचा माणूस चूक करतो आणि माझा नवरा ती चूक शोधत बसतो. हाच धंदा ना?

निकेश : चूक नाई शोधत मी. माल शोधतो.

मयुरी : चुकीचं स्पेलिंग टाकून.

निकेश : मंग? देख, सीधी बात आहे. जुनं सामान विकाच्या ॲपवर लोकं घाईत टाइप करतेत. हार्मोनियम लिवाले गेले का एखादं अक्षर खाऊन टाकतेत. ज्याले हार्मोनियम पाहिजे तो बरोबर स्पेलिंग टाकून शोधते, म्हून त्याले ती दिसतच नाई. बोली लावाले कोणी येतच नाई. मी चुकीचं टाकतो, मले दिसते. शेवटच्या मिनिटाले एकटाच बोली लावतो. झालं. याच्यात मेहनत आहे मयुरी. एकेक शब्द दहा तऱ्हेनं चुकवून पाहा लागते.

मयुरी : दहावीत त्याच इंग्रजीनं तुम्हाला दोनदा बसवलं, आणि आता तेच घर चालवून राह्यलं.

निकेश : हास, हास. मोबाईलचे कव्हर विकून नागपूरचा दवाखाना होत नाई.

मयुरी : दवाखाना मधे आणू नका.

निकेश : कसा नको आणू? डॉक्टर म्हणला ना, लेकरासाठी तिसऱ्यांदा करून पाहू, या वेळी चान्स जास्त आहे. मंग पैसा कुठून आणू? नालवाडीच्या दुकानात लोकं स्क्रीन गार्ड लावाले येतेत, अन् लावून झाल्यावर भाव करतेत.

मयुरी : आर्वीचे ते गुरुजी आठवतात का?

निकेश : कोणते?

मयुरी : पेटीवाले. एसटीनं घेऊन आले होते तुमच्याकडे, पेटी मांडीवर ठेवून, कारण खाली ठेवली तर धक्के बसतात. तुम्ही आठवडाभरात ती नागपूरला चौपट भावानं विकली. त्यांचा फोन यायचा, पेटी बरी आहे का, पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, चादरीत गुंडाळून ठेवा. तुम्ही नंबर ब्लॉक केला त्यांचा.

निकेश : रोज रोज फोन करे तो. काय सांगू त्याले, तुमची पेटी नागपुरात मजेत आहे म्हून?

मयुरी : खरं सांगायचं.

निकेश : खरं सांगून काय भेटलं असतं त्याले? झोप उडाली असती बिचाऱ्याची. त्यानं किंमत लिवली, मी देली. एक रुपया कमी नाई केला. तू बाजारात सांबाराच्या जुडीसाठी त्या बाईसंग कितीक वेळ हुज्जत घालते, ते चालते.

मयुरी : तिला कोथिंबिरीचा भाव माहीत असतो! माझ्यापेक्षा जास्त माहीत असतो. ती मला लुटते, मी तिला लुटते, दोघी हसतो आणि आपापल्या घरी जातो. तुमच्या त्या माणसाला तर आपण भाव करून राह्यलो हेच माहीत नसतं.

निकेश : मी नाई घेतला त पुण्याचा घेईन, मुंबईचा घेईन. ते सांगतेत का फोन करून, का भाऊ, तुमचं स्पेलिंग चुकलं, नीट करून घ्या?

मयुरी : तुम्ही काऊन नाही सांगत?

निकेश : कारण मी पागल नाई.

मयुरी : आमच्या पतसंस्थेत एखादा माणूस चुकून जास्तीची नोट ठेवून गेला तर मी जिन्यापर्यंत पळत जाऊन त्याला हाक मारते. त्यासाठी कोणी हार नाही घालत मला. पण पागल पण कोणी म्हणत नाही.

निकेश : बरं. तुह्या हातातलं घड्याळ?

मयुरी : काय घड्याळाचं? वाढदिवसाला दिलं तुम्ही.

निकेश : वणीच्या एका पोट्ट्यानं टाकलं होतं. कंपनीचं नाव चुकवलं त्यानं. बापाचं होतं म्हणे. दुकानात घ्याले गेलो असतो त मले दारातूनच वापस पाठवलं असतं.

मयुरी : आणि हे तुम्ही मला आता सांगता? चालत्या गाडीत?

निकेश : तू विषय काढला म्हून सांगतलं. अवं, काढते कायले? काढून काय होते? त्या पोट्ट्याले वापस जाते का ते?

मयुरी : गाडीच्या कप्प्यात ठेवते. मला हातात चावून राह्यलं.

निकेश : कमाल आहे. चार महिने नाई चावलं.

मयुरी : चार महिने मला ठाऊक नव्हतं! तेच तर सांगून राह्यले मी कधीपासून. जाऊ द्या. आज अल्लीपूरला काय उचलायला चाललो ते तरी कळू द्या.

निकेश : बैल.

मयुरी : काय?

निकेश : लाकडी. तान्ह्या पोळ्याचा. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतले पोरं ओढत आणतेत ना, तसला प्लायवूडचा नाई. अख्ख्या सागवानाचा, कमरेएवढा उंच. शिंगाले पितळ. चाकं बी लाकडाचे. दोन पिढ्यांच्या आधीचा असन.

मयुरी : आणि स्पेलिंग चुकलं होतं.

निकेश : ते त चुकलंच होतं, पण त्याच्याहून भारी ऐक. त्या बाईनं तो जनावरांच्या भागात टाकला. गाई, म्हशी, बकऱ्या, तिथं! जुन्या वस्तू शोधणारा माणूस तिथं कायले पाहीन? जर्सी गाय अन् बोकडाच्या मंदात उभा होता तो. फोटो पाहून मी लगेच फोन लावला.

मयुरी : म्हणजे स्वतःच्या घरात काय आहे ते त्या बाईला माहीत नाही.

निकेश : नसनच. नाई त अकराशे रुपयात कोणी देते का? पुण्याच्या एका हॉटेलवाल्यासंग बोलणं झालं माहं. रिसॉर्ट बांधून राह्यला तो. दारातच उभा करतो म्हणे, पाठीवर फुलांच्या कुंड्या. उद्या त्याचा टेम्पो येते. दवाखान्याच्या खर्चाले चांगला हातभार लागते.

मयुरी : पाठीवर कुंड्या.

निकेश : विकल्यावर त्याचा माल. तो काईबी ठेवन.

मयुरी : आणि मला कशाला आणलं? एक सुट्टीचा दिवस असतो मला.

निकेश : जड आहे तो. दोन माणसं लागतेत.

मयुरी : प्रफुलभाऊंची गाडी मागितली तर प्रफुलभाऊंना पण मागायचं. त्यांचे दंड माझ्यापेक्षा जाड आहेत. आणि उचलायलाच न्यायचं होतं तर चांगली साडी नेस म्हणून काऊन सांगितलं?

निकेश : बाई संग असली का लोकाले घरगुती वाटते.

मयुरी : काय वाटते?

निकेश : घरचे लोकं आले असं वाटते. व्यापारी नाई वाटत. बस, एवढंच. हे पाह्य, आलंच गाव. अंदर काई बोलू नको. पाच मिनिटाचं काम आहे.

मयुरी : मी कशाला बोलते? मी तर जड वस्तू उचलायला आली आहे.

(अल्लीपूर. घराला लागूनच पिठाची चक्की. ती बंद होते तेव्हा कुठे बोलणं ऐकू येतं.)

भागीरथाबाई : थांबा, थांबा, बंद केली. आता बोला. गहू हाय का ज्वारी?

निकेश : दळण नाई मावशी. मी निकेश, वर्ध्याहून. बैलासाठी फोन केलता. ही माही घरवाली.

भागीरथाबाई : अगाई, तुमीच का! या, या. बसा त्या बाजीवर. बाई, तू इकडं बस, तिकडं पीठ उडते. मले वाटलं पुन्हा कोणी दात पाहाले आलं.

मयुरी : दात?

भागीरथाबाई : काय सांगू तुले! फोनात टाकला तवापासून लोकाईनं जीव खाल्ला माहा. एक म्हणे, दोन दाती हाय का चार दाती? मी म्हणलं, बाप्पा, लाकडाचा हाय. त म्हणे, ते ठीक, पण वखराले चालते का? समुद्रपूरचा एक म्हणे, याची जोडी कुठं हाय, एकटा काऊन विकता? अन् एक त गाडी भरून माणसं घेऊन आला. दाखवला त माह्याच अंगावर वरडला, लोकाले फसवता म्हणे. मी म्हणलं, फोटो दिसत नाई का तुले? पायाले चाकं हायत त्याच्या!

निकेश : पण मावशी, तुमी बैलाच्या भागात काऊन टाकला?

भागीरथाबाई : मंग कुठं टाकू? फोन इचारे, काय विकता? चित्रं दाखवे. टीव्ही, गाडी, पलंग, भांडे, बैल. बैल होता म्हून बैलावर बोट ठेवलं. मंग मी बोलली अन् फोननं लिवलं. काय लिवलं ते त्याचं त्याले ठाऊक. पलंगात टाकू का मी बैलाले?

मयुरी : नाही मावशी. बरोबर केलं तुम्ही.

भागीरथाबाई : पाहा ना मंग, हा इथं कोपऱ्यात उभा हाय. सकाळीच धुतला. शिंगाचं पितळ चिंचेनं घासलं, हात दुखून आले माहे. लाव हात, काई होत नाई.

मयुरी : केवढा गुळगुळीत आहे हो.

भागीरथाबाई : लेकराईनं बसून बसून झाला तसा. पाठीवर बसू नका म्हणलं का पह्यले तिथंच बसे आमचा धनंजय. माहा पोरगा. हैदराबादले असते आता.

निकेश : हा कान जरासा तुटला आहे का? फोटोत नाई दिसला.

भागीरथाबाई : तुटला नाई, चावला. धनंजयले दात येत होते तवा. सासरे म्हणे, चावू दे, बैलाले काई होत नाई, लेकराले बरं वाटते.

निकेश : हां. म्हणजे ओरिजिनलच आहे. बरं मावशी, पैसे त आलेच तुमच्या खात्यात. आमी आता उचलतो, ऊन चढाच्या आत—

भागीरथाबाई : पैशाचं असू द्या. पोरगं कुठं हाय?

मयुरी : कोणतं पोरगं?

निकेश : नाई आणलं मावशी. शाळा आहे त्याले.

भागीरथाबाई : आज इतवारची?

निकेश : म्हणजे, ट्यूशन.

भागीरथाबाई : पाच वर्साच्या लेकराले ट्यूशन! काय जमाना आला बाई. आणाव ना त्याले! त्याच्यासाठीच त घासून पुसून ठेवला मी. त्याच्याच हातानं गाडीपर्यंत नेला असता. तुमीच म्हणे ना फोनवर, रात्रंदिवस बैल-बैल करून राह्यला म्हून?

मयुरी : पाच वर्षाचा.

निकेश : मयुरी, तू गाडीचं मागचं दार उघड बरं.

भागीरथाबाई : नाव बी सांगतलं होतं तुमी. चांगलं होतं नाव, नव्या तऱ्हेचं. थांबा, आठवते मले. ओजस. ओजसच ना?

मयुरी : ओजस म्हणाले हे?

भागीरथाबाई : हो. मी दोनदा इचारलं, समजे ना मले.

मयुरी : नाव पण देऊन टाकलं तुम्ही.

निकेश : निघून गेलं तोंडातून.

मयुरी : जगात दुसरी नावं नव्हती? सतरा नावं आहेत आपल्याच गल्लीत. मुलगा झाला तर म्हणून आपण दोघांनी ठेवलेलं तेवढं एक नाव. मी अजून माझ्या आईला पण नाही सांगितलं ते. आणि तुम्ही ते बैल स्वस्त मिळावा म्हणून फोनवर सांगितलं?

निकेश : इथं नको. घरी जाऊन बोलू.

मयुरी : इथंच. मावशी, आम्हाले पोरगं नाई. पाच वर्साचं नाई अन् पाच दिवसाचं नाई. हे खोटं बोलले तुमच्याशी.

भागीरथाबाई : असं काऊन बोलतं बाई?

मयुरी : तुमचा बैल उद्या पुण्याच्या हॉटेलात जाते. दारात उभा करणार आहेत. पाठीवर कुंड्या ठेवून.

भागीरथाबाई : खरं हाय का, भाऊ?

निकेश : मावशी, जरा माहं ऐका.

भागीरथाबाई : हो का नाई, तेवढं सांग.

निकेश : हो.

भागीरथाबाई : मंग खोटं काऊन बोलला? कोर्टात उभं केलतं का मी तुले? विकाले पाहिजे म्हणाव सरळ.

निकेश : तुमी पह्यला सवालच तो केला ना, घरी लेकरू हाय का? मी नाई म्हणलं असतं त देला असता का?

भागीरथाबाई : नसता देला.

निकेश : मंग!

भागीरथाबाई : मंग काय मंग! म्हूनच त इचारलं ना मी! हिंगणघाटचा एक जुन्या सामानवाला दोन वर्सापासून चकरा मारून राह्यला माह्या दारात. नोटा काढून बाजीवर ठेवे. पुण्याचा तुले किती देतो म्हणे?

निकेश : तीस हजार.

भागीरथाबाई : यानं चाळीस म्हणलं.

निकेश : म्हणजे तुमाले माहीत होती किंमत?

भागीरथाबाई : काऊन नसन माहीत? माह्या घरातला हाय तो. माह्या सासऱ्यानं हिंगणीहून सुतार आणला होता, हिवाळाभर घरी ठेवला, तूपपोळी चारली त्याले. मी नवी नवरी होती, मीच वाढे त्याले.

निकेश : अन् अकराशेत टाकला?

भागीरथाबाई : फुकटच द्याचा होता. पण फुकट म्हणलं का लोकाले संशय येते, कायतरी खोट असन म्हणतेत. म्हून आपलं एक मोल लावलं, लेकराच्या बापाले परवडन असं. बोलीफिली मले समजत नाई. जो फोन करन त्याले इचारीन म्हणलं.

मयुरी : ऐकलं का? जागरणं करून चूक शोधली तुम्ही. चूक नव्हतीच.

निकेश : तू आता गप्प बस, यार.

मयुरी : गाडीत बसली होती गप्प.

निकेश : गाडीत? गाडीत तू गप्प होती?

मयुरी : पण मावशी, गावात लेकरं असतीलच ना. त्यांना नाही दिला?

भागीरथाबाई : हायत ना, लय हायत. पण ज्याच्या त्याच्या घरी आपापला बैल हाय. आता हलके येतेत, लेकरू काखेत घेऊन पळते. याले ओढाले दम लागते, कोणाची माय घ्या म्हणत नाई. अन् माहा नातू म्हणते, आजी, बैलाचा व्हिडिओ पाठव. काय व्हिडिओ पाठवू? उभा असते तो. उभ्या बैलाचा काय व्हिडिओ करू मी?

निकेश : मावशी, एक सांगू? मी शौक म्हून नाई केलं हे.

भागीरथाबाई : मंग कायले केलं?

निकेश : दवाखान्यासाठी. नागपूरचा दवाखाना आहे, लेकरासाठी. दोनदा केलं, नाई झालं. आता आणखी एकदा कराचं आहे. म्हून जिथं चार पैसे दिसले तिथं हात घालतो मी. खोटं बोललो, मानतो. पण ते बोलताना मले खोटं वाटलंच नाई. तुमी इचारलं लेकरू हाय का, अन् मले वाटलं, होईनच ना आता. म्हून नाव बी निघालं.

भागीरथाबाई : अरे बाप्पा. हे आधी काऊन नाई सांगतलं?

निकेश : असं कोणाले सांगतेत का फोनवर?

भागीरथाबाई : मंग जा घेऊन. विक. लेकरासाठी द्याचा होता, लेकरासाठीच गेला समजीन मी. अन् तीसमंदी नको देऊ त्या पुण्याच्याले, चाळीसच्या खाली उतरू नको.

मयुरी : नको मावशी.

निकेश : मयुरी, त्या स्वतःहून देऊन राह्यल्या.

मयुरी : मले नाई जायचं दवाखान्यात.

निकेश : आता तू रागात आहे.

मयुरी : रागात तर मी लग्न झाल्यापासून आहे, ते वेगळं. हे मी शांतपणे सांगते. मी जाणार नाही. ती पोटातली इंजेक्शनं, ते वरचं छत पाहत पडून राहणं, घरी आल्यावर तुमच्या आईनं बादली पण उचलू न देणं, सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहून हळू बोलणं, आणि मग फोन, की नाही झालं. दोनदा पुरे झालं.

निकेश : पण तू कधी म्हणली नाई!

मयुरी : कधी म्हणली नाही? मेमधे तारीख होती, मी म्हटलं पतसंस्थेत ऑडिट आहे. जुलैत होती, मी म्हटलं भावाकडे जायचं आहे. माझा भाऊ वर्ध्यातच राहतो हो! तुम्ही म्हणालात ठीक आहे, तोवर पैसे जमवतो. आणि बसले मोबाईलमधे डोकं घालून. कुठे वणीच्या पोराचं काय चुकलं, कुठे आर्वीच्या गुरुजींचं काय चुकलं, सगळं दिसते तुम्हाला. बाजूला बायको झोपली आहे, ती जागी आहे का ते नाही दिसत.

निकेश : सीधं सांगाव ना मंग.

मयुरी : भीती वाटायची.

निकेश : माही?

मयुरी : सांगितलं तर तुमच्याजवळ काय राहणार? ते कव्हरचं दुकान आणि मी. तेवढ्यानं तुमचं भागत नाही असं वाटायचं मला.

निकेश : असं काऊन वाटलं तुले?

मयुरी : आता पण वाटून राह्यलं. एक पाच वर्षाचं पोरगं घेऊन गावोगाव फोन करता तुम्ही, आणि मला घरात पत्ता नाही. किती जणांना सांगितलं?

निकेश : याईलेच. आईची शपथ, याईलेच.

मयुरी : आईला मधे आणू नका.

निकेश : माहं भागते, मयुरी.

मयुरी : काय?

निकेश : दुकान अन् तू. तेवढ्यात भागते माहं. मले वाटे तुलेच पाहिजे आहे. तू त्या दिवशी फोन ठेवून इतकी रडली, मले वाटलं पैसा आणला पाहिजे कुठूनतरी. दुसरं काई येत नाई मले.

मयुरी : विचारता तर येतं ना!

निकेश : नाई आलं.

भागीरथाबाई : हे पाहा, तुमी दोघं घरी जाऊन भांडा बरं. माही चक्की बंद हाय, लोकाचे डबे पडले इथं, आत्ता येतीन बोंबलत. भाऊ, बैल मी देत नाई. दवाखाना नाई त विकाचं बी काम नाई. तुहे पैसे वापस घे. कसे वापस धाडतेत मले येत नाई, हा फोन घे, तूच कर.

निकेश : राहू द्या मावशी ते.

भागीरथाबाई : काऊन राहू देऊ? भीक देऊन राह्यला का मले?

निकेश : करतो, करतो. पण त्या हॉटेलवाल्याले काय सांगू? बयाना पाठवला त्यानं.

मयुरी : त्याचा पण वापस करा. आणि खरं सांगा.

निकेश : काय खरं सांगू? बैलाच्या मालकिणीनं मले हाकलून देलं म्हून?

मयुरी : हो. अगदी हेच.

भागीरथाबाई : हाकललं नाई मी. च्या ठेवते आता. साखर चालते ना तुले, बाई?

मयुरी : चालते मावशी. पण मग बैल? पोळा तर आलाच. यंदा पण उभाच राहील का?

भागीरथाबाई : मागच्या साली नाई राह्यला उभा. मीच ओढला.

मयुरी : तुम्ही?

भागीरथाबाई : मंग? झूल टाकली, गळ्यात घुंगरू बांधले अन् मारुतीच्या पारापर्यंत नेला. सारी लेकरं लायनीत अन् त्याईच्या मंदात मी, पदर खोचून. हासलं ना गाव. माईकवर बोलणारा पोट्टा बी हासे. गावातले आनंदराव बोजारा वाटत होते, लेकराईले देतेत ना तो, दहाची नोट अन् चॉकलेट. माह्यापाशी आले अन् थांबले. म्हाताऱ्या बाईले द्यावा का नाई, समजे ना त्याईले.

मयुरी : मग?

भागीरथाबाई : मी हात पुढं केला. बैल आणला म्हणलं, बोजारा द्या. देला. चॉकलेट तिथंच खाल्लं मी. पण यंदा गुडघे नाई म्हणतेत. पारापाशी चढ हाय.

निकेश : मी येतो.

भागीरथाबाई : कायले?

निकेश : ओढाले. दुकान बंद ठेवीन त्या दिवशी.

भागीरथाबाई : पुन्हा फोनवरची गोष्ट करून राह्यला का?

निकेश : नाई मावशी. येतो मी.

भागीरथाबाई : लोकं हासतीन. मले त म्हातारी म्हून सोडलं. तुले नाई सोडत.

निकेश : हासू द्या.

भागीरथाबाई : अन् तू वं, बाई?

मयुरी : मी एसटीनं येईन. यांच्या गाडीत नाही. आणि येईन ती बैलासाठी. यांच्या बाजूला उभी राहणार नाही मी, आत्ताच सांगून ठेवते.

भागीरथाबाई : नको राहू. दोर लांब हाय त्याचा.